गडद म्हणजे कडक नव्हे: घरच्या बिअरच्या रंगाचं आणि चवीचं गणित

पुण्या-मुंबईतल्या टॅपरूममध्ये काळ्या स्टाउटचा ग्लास टेबलावर आला की चारचौघांत एखादा तरी म्हणतोच, "बाप रे, ही चढणार!" हाच गडी दुकानातून फिकट पिवळी 'स्ट्राँग' बिअर बिनधास्त घरी नेतो. आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरमध्ये ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. काळीकुट्ट दिसणारी गिनेस ड्राफ्ट जेमतेम ४.२ टक्क्यांची.

पिणाऱ्याचा हा गैरसमज असला तर फार काही बिघडत नाही. घरी बिअर करणाऱ्याचा असला तर वीस लिटर बिअर बिघडते. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये राहणारी बरीच मराठी मंडळी गॅरेजमध्ये भांडी मांडून बिअर करतात आणि पहिल्या दोन-चार खेपा जमल्या की प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो: रेसिपी चांगली आहे, फक्त रंग थोडा गडद हवाय, काय घालू? याला एका शब्दात उत्तर नाही. रंग वाढवायचे रस्ते अनेक आहेत आणि प्रत्येक रस्ता चवीच्या वेगळ्याच गावाला जातो. म्हणून आधी चव ठरवावी, मग तिला साजेसा रंगाचा रस्ता निवडावा.

त्याआधी कायद्याचं बोलून टाकू. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केलेल्या कायद्यामुळे घरगुती बिअरला केंद्राची मोकळीक मिळाली: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. राज्यांचे नियम वेगळे, शेवटची दोन राज्यं मिसिसिपी आणि अलाबामा २०१३ मध्ये तयार झाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, घरच्यापुरतंही नाही. तेव्हा इथल्या वाचकांनी पुढचं सगळं आपल्या ग्लासात काय आहे हे कळण्यासाठी वाचावं.

रंग येतो कुठून?

बिअरचा जवळजवळ सगळा रंग मॉल्टमधून येतो. बार्ली भिजवून तिला मोड आणायचे आणि मग गरम हवेवर वाळवायची, की झाला मॉल्ट. हा मॉल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होते. गाळून जे गोड पाणी निघतं त्याला वर्ट म्हणतात. वर्ट हॉप्सची फुलं घालून उकळायचा, थंड करायचा, यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार करतं.

म्हणजे अल्कोहोल ठरतं ते वर्टमध्ये साखर किती आणि त्यातली यीस्टने खाल्ली किती यावर. रंग ठरतो तो मॉल्ट किती भाजला होता यावर. भाजताना साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांत मिसळून तपकिरी, खमंग पदार्थ तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार याने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मेयार क्रिया म्हणतात. भाकरीवर पडणारे तपकिरी डागही तिचेच.

ब्याडगी आणि लवंगी मिरचीचा फरक ज्याला ठाऊक आहे त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. रस्सा लालभडक करायचा तर ब्याडगी, नाकातोंडातून पाणी काढायचं तर लवंगी. नुसता लाल तवंग बघून तिखटपणा ठरवणारा फसतो. बिअरमध्ये ब्याडगीचं काम भाजका मॉल्ट करतो आणि लवंगीचं काम साधा, फिकट मॉल्ट, कारण आंबण्याजोगी बहुतेक साखर त्याचीच असते.

रंगाला आकडा कसा देतात?

एकोणिसाव्या शतकात जोसेफ लोव्हिबॉन्ड नावाच्या इंग्रज ब्रूअरने रंगीत काचांशी बिअर ताडून पाहण्याची पद्धत काढली. मॉल्टच्या रंगाचा आकडा आजही 'अंश लोव्हिबॉन्ड' म्हणून सांगतात. तयार बिअरसाठी अमेरिकेत एसआरएम हे माप आहे: एक सेंटिमीटर जाडीच्या बिअरमधून ४३० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडायचा, तो किती अडला हे मोजायचं आणि त्याला १२.७ ने गुणायचं. लागर आणि एल हे बिअरचे दोन मोठे प्रकार. फिकट लागर २ ते ४, तपकिरी एल १८-२० च्या घरात, स्टाउट ३०-४० आणि पुढे. तिशीच्या पुढे डोळ्याला सगळं काळंच दिसतं, त्यामुळे ३५ की ४२ यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

युरोपात ईबीसी हे माप चालतं. बिअरचा ईबीसी आकडा एसआरएमच्या साधारण दुप्पट असतो. मॉल्टच्या पिशवीवर मात्र जपून. जर्मन पिशवीवर चॉकलेट मॉल्टचा आकडा ९०० लिहिलेला असेल तर तो ईबीसी असतो, लोव्हिबॉन्डमध्ये तो ३४० होतो. ईबीसीत १.२ मिळवून २.६५ ने भागायचं, एवढंच गणित आहे. ते न करता ९०० हा आकडा लोव्हिबॉन्डच्या रकान्यात भरला तर कागदावर बिअर काळी होते आणि ग्लासात तांबूस उतरते.

एकच रेसिपी, चार रस्ते

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. वीस लिटर बिअर, त्यात ४ किलो पेल एल मॉल्ट, रंग ३ लोव्हिबॉन्ड. आधी किलो गुणिले लोव्हिबॉन्ड करायचं: १२. त्याला ८.३४५ ने गुणून लिटरने भागायचं: ५. या आकड्याला ब्रूअर मंडळी एमसीयू म्हणतात, आपण त्याला 'रंगभार' म्हणू. मग मोरी यांचं सूत्र लावायचं: रंगभाराचा ०.६८५९ वा घात गुणिले १.४९२२. उत्तर येतं साडेचार एसआरएम. म्हणजे छान सोनेरी.

आपल्याला हवाय तपकिरी, १८ एसआरएम. सूत्र उलटं चालवलं तर रंगभार ३७.७ लागतो. हातात ५ आहे, ३२.७ कमी पडतो. वीस लिटरच्या हिशेबात याचा अर्थ असा की किलो गुणिले लोव्हिबॉन्ड आणखी ७८ यायला हवं. ते कुठून आणायचं?

म्युनिक मॉल्टपासून सुरुवात करू. याचा रंग १० लोव्हिबॉन्ड, चव पावाच्या खरपूस कडेसारखी. हिशेबाने ७.८ किलो लागतो, म्हणजे मूळ मॉल्टच्या दुप्पट. अख्खा ४ किलो पेल मॉल्ट काढून त्याजागी म्युनिक घातला तरी रंग १० एसआरएमपर्यंतच पोचतो. हा रस्ता तपकिरीपर्यंत जातच नाही, पण तांबूस सोनेरी हवा असेल तर याच्याइतका निर्धोक दुसरा नाही.

क्रिस्टल ६०, रंग ६० लोव्हिबॉन्ड. हा ओला असतानाच तापवलेला मॉल्ट, त्यामुळे दाण्याच्या आतच साखर होऊन गोठते. चव टॉफीची. हिशेबाने १.३ किलो लागतो, म्हणजे एकूण दाण्याचा चौथा हिस्सा. रंग बरोबर येईल, पण बिअर इतकी गुळमट होईल की दुसरा ग्लास कुणी मागणार नाही. क्रिस्टलच्या साखरेचा बराच भाग यीस्टला नीट पचत नाही, तो गोडवा म्हणून मागे राहतो. मला विचाराल तर नवशिक्यांच्या बहुतेक फसलेल्या तपकिरी बिअरींमागे हेच असतं: रंगासाठी क्रिस्टल ओतत राहणं.

चॉकलेट मॉल्ट, ३५० लोव्हिबॉन्ड. यात चॉकलेट नसतं, रंगावरून नाव पडलंय. लागतो फक्त २२५ ग्रॅम. गोडवा नाही, पण कोको आणि कॉफीची चव स्पष्ट जाणवते. भरडताना जो वास सुटतो तोच ग्लासात उतरतो, तेव्हा घालण्याआधी चार दाणे चावून बघावेत. ती चव नको असेल तर हा रस्ताही नको.

चौथा रस्ता साल काढून भाजलेल्या मॉल्टचा. याचा प्रसिद्ध नमुना म्हणजे जर्मनीतल्या बाम्बेर्गच्या वायरमान कंपनीचा काराफा स्पेशल ३, रंग सव्वापाचशे लोव्हिबॉन्डच्या आसपास. दाण्याचं साल जळलं की राखेसारखा कडवटपणा येतो. साल आधीच गेलेलं असल्यामुळे इथे रंग पुरेपूर मिळतो आणि जळकेपणा फार थोडा. लागतो १५० ग्रॅम. जर्मन श्वार्त्सबिअर काळी असूनही पिताना हलकी लागते ती अशाच मॉल्टमुळे.

मी स्वतः हे असं जुळवीन: ३०० ग्रॅम क्रिस्टल ६० चवीपुरता आणि ११५ ग्रॅम साल काढलेला मॉल्ट रंगापुरता. बेरीज तीच, ७८. टॉफीची चव मापात राहते आणि डोळ्याला तपकिरी एल दिसतो.

दुप्पट घातला तर रंग दुप्पट?

नाही. सूत्रातला ०.६८५९ चा घात तेच सांगतो: रंगभार दुप्पट झाला की एसआरएम साधारण १.६ पट होतो. फिकट बिअरमध्ये ५० ग्रॅम चॉकलेट मॉल्टने मोठा फरक दिसतो, आधीच तपकिरी असलेल्या बिअरमध्ये तेवढ्याने काही कळत नाही. चवीचं मात्र तसं नाही. ती रंगासारखी मंदावत नाही, जिभेला प्रत्येक भाजका दाणा कळतो. म्हणूनच 'अजून थोडा काळा' करण्याच्या नादात स्टाउटची राख होते.

"सॉफ्टवेअर आहे की, हे गणित कशाला?" असं कुणी म्हणेल. सॉफ्टवेअर जरूर वापरा, तेही बहुतेक वेळा हेच सूत्र चालवतं. पण त्याला तुमच्या भांड्याखालची आच दिसत नाही. दणदणीत आचेवर दीड तास उकळलेला वर्ट हिशेबापेक्षा गडद होतो. डब्यातलं जुनं मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे आटवलेला तयार वर्ट, नुसतं ठेवूनही काळवंडतं. आणि वीस लिटरच्या काचेच्या बरणीत बिअर नेहमीच दोन-तीन छटा गडद दिसते, कारण प्रकाशाला जाडजूड थर पार करावा लागतो. रंग बघायचा तो ग्लासात ओतून, खिडकीच्या उजेडात.

रंगच हवाय, तर कॅरॅमल घालून मोकळं का होऊ नये?

मोठे कारखाने तेही करतात, जिथे कायदा परवानगी देतो तिथे. घरी करायलाही हरकत नाही. पण हा वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये पोर्टर ही काळसर बिअर आधी तपकिरी मॉल्टची व्हायची. घनतामापक, म्हणजे वर्टमधली साखर मोजायचं साधन, आल्यावर ब्रूअर लोकांच्या लक्षात आलं की फिकट मॉल्टमधून जास्त साखर निघते, म्हणजे तोच स्वस्त पडतो. पण फिकट मॉल्टची पोर्टर काळी दिसेना, आणि १८१६ च्या कायद्याने मॉल्ट-हॉप्स सोडून रंगासाठी काही घालायलाही बंदी केली. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर याने फिरत्या नळकांड्यात मॉल्ट न पेटता काळा भाजायचं पेटंट घेतलं. चिमूटभर काळा मॉल्ट आणि बाकी सगळा फिकट: आजच्या प्रत्येक स्टाउटचा पाया तिथे घातला गेला. रंग आणि ताकद यांचा काडीमोड झाला तोही तेव्हाच.

जर्मनीत शुद्धतेच्या नियमामुळे, म्हणजे मॉल्ट, हॉप्स, पाणी आणि यीस्ट यांनीच बिअर करायच्या नियमामुळे, रंगाचीही बिअरच करावी लागते. वायरमानचं सिनामार म्हणजे भाजक्या मॉल्टची आटवलेली बिअर, चव अगदी सौम्य आणि रंग डांबरी. तयार बिअरला थेंबाथेंबाने सुधारायला याच्याइतकं सोयीचं काही नाही.

रंग हलवला की आणखी काय हलतं?

दोन गोष्टी. पहिली, गोड-कडूचा तोल. कडवटपणा हॉप्समधून येतो आणि तो आयबीयूमध्ये मोजतात: एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू पदार्थ. क्रिस्टल वाढवला की गोडवा वाढतो आणि तीच बिअर कमी कडू लागते. दाण्याच्या ७-८ टक्के क्रिस्टल नव्याने घातला तर मी पाचेक आयबीयू वाढवीन. ६ टक्के अल्फा आम्लाचे (हॉप्समधला कडवटपणा याच आम्लातून येतो) हॉप्स तासभर उकळायचे असतील तर वीस लिटरला ते सुमारे ७ ग्रॅम होतात. भाजका मॉल्ट वाढवला तर उलट, हॉप्स किंचित कमी करायचे, कारण भाजकेपणाचा स्वतःचा कडवटपणा असतोच.

दुसरी गोष्ट पाणी, आणि हिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. दाणा भिजताना पाण्याचा पीएच ५.२ ते ५.६ असावा. भाजका मॉल्ट आम्लधर्मी, तो पीएच खाली ओढतो. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, ते पीएच वर ओढतं. दोघांची फिटंफाट झाली आणि तिथे स्टाउट जमली. चेक प्रदेशातल्या पिल्झेनचं पाणी अगदी मऊ, तिथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल याने सोनेरी लागर केली आणि तिने पुढे जग व्यापलं. ही दोन्ही गावं एकमेकांची बिअर करायला बसली असती तर दोन्हींची पंचाईत झाली असती.

घरी याचा अर्थ असा: आरओचं पाणी वापरून मूठभर जास्त काळा मॉल्ट घातला तर बिअर आंबट-तुरट लागू शकते. पीएच मोजून अर्धा-अर्धा ग्रॅम खायचा सोडा घालत तो जागेवर आणता येतो. मला त्याहून सोपी वाटते ती दुसरी युक्ती. काळा मॉल्ट शेवटच्या दहा मिनिटांत टाकायचा. तोवर साखर तयार झालेली असते, रंग पाण्यात उतरायला दहा मिनिटं पुरतात आणि जळका अर्क कमी निघतो.

आणि फिकी करायची असेल तर?

हे जास्त अवघड, कारण आलेला रंग काढता येत नाही. मुळातच कमी येईल असं बघायचं. क्रिस्टल निम्म्यावर आणा आणि गेलेला भरदारपणा दुसरीकडून भरून काढा: दाणा ६५ ऐवजी ६८ अंशांवर भिजवला की यीस्टला न पचणारी साखर जास्त निघते आणि फिकट बिअरही तोंडात भरीव लागते. एक्स्ट्रॅक्ट वापरत असाल तर त्यातलं बरंचसं उकळण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत घाला. बाटल्या भरताना हवा लागू देऊ नका. आयपीए हा हॉप्सप्रधान एल; हॉप्सने गच्च भरलेली धुरकट आयपीए हवा लागून काही आठवड्यांत जांभळट-करडी पडते ती ऑक्सिजनमुळे, आणि तोवर चवही पुठ्ठ्यासारखी झालेली असते.

"मोजमाप कशाला, जीभ सांगेल की"

जिभेला डोळा फसवतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दो विद्यापीठातल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेली नाकं जिथे घसरली तिथे आपली काय कथा! म्हणून रेसिपीतला बदल तपासायचा तर अपारदर्शक कप घ्यावेत. तीन कपांपैकी दोनांत जुनी बिअर, एकात नवी, कप दुसऱ्याने भरलेले. वेगळा कप ओळखता आला तरच चव बदलली म्हणायची. आणि एका खेपेला बदल एकच. क्रिस्टल, हॉप्स आणि यीस्ट एकदम बदललं तर सुधारणेचं श्रेय कुणाला द्यायचं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बिअर तयार झाली आणि रंग कमी पडला

अशा वेळी घाईने काही ओतायचं नाही. सिनामार नसेल तर साल काढलेला काळा मॉल्ट १०० ग्रॅम जाडसर भरडून अर्धा लिटर थंड पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी गाळा, दहा मिनिटं उकळा, झाकून थंड करा. थंड पाण्यात रंग उतरतो, जळकेपणा कमी उतरतो.

आता १०० मिलिलिटर बिअर पारदर्शक ग्लासात मोजून घ्या. औषधाच्या सिरिंजमध्ये अर्क भरा आणि अर्धा-अर्धा मिली सोडत जा. पहिल्या अर्ध्या मिलीने रंग थोडाच बदलेल. पुढे तो टप्प्याटप्प्याने गडद होत जाईल. शेजारी बिनअर्काच्या बिअरचा ग्लास ठेवा, नाहीतर डोळा पटकन सरावतो. हवा तो रंग आला की थांबा आणि चाखा. समजा १.५ मिली लागला. वीस लिटर म्हणजे असे दोनशे ग्लास, तेव्हा ३०० मिली. पण बादलीत आधी २५० च घाला, हलक्या हाताने ढवळा, हवा मिसळू न देता, आणि पुन्हा ग्लास भरून उजेडात धरा. उरलेले ५० मिली बहुतेक वेळा लागतच नाहीत.